चूक पोटात घालणारी बॅट

उन्हाळा लागला आणि उजनीचे पाणी मागे सरले, की केत्तूर, वाशिंबे, कुगाव अशा काठच्या गावांतून मोकळ्या पडलेल्या जमिनीवर स्टंप रोवले जातात. पोरे वर्गणी काढतात, गुरुजी पदरचे चार पैसे घालतात आणि गावात नवी बॅट येते. मग पाचवीतल्या पोरापासून मिसरूड फुटलेल्या गड्यापर्यंत सगळे त्याच एका बॅटने खेळतात. ही बॅट घ्यावी तरी कशी, ते आज पाहू.

सोलापूर जिल्ह्याला हा खेळ नवा नाही. 1955 साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223 धावा काढून कसोटीतले भारताचे पहिले द्विशतक झळकावणारे पॉली उम्रीगर सोलापुरातच जन्मले. पण कसबी खेळाडूची बॅट वेगळी आणि नवख्याची वेगळी. कसबी माणूस चेंडू बरोबर पात्याच्या मध्यावर घेतो. नवख्याचा चेंडू कधी कडेला लागतो, कधी टोकाला. तेव्हा त्याला हवी चूक पोटात घालणारी बॅट.

चूक पोटात घालणे म्हणजे काय? चेंडू कडेला लागला की बॅट मुठीत पिळवटते, मनगटाला झिणझिण्या येतात आणि चेंडू जागच्या जागी पडतो. हे पिळवटणे जितके कमी, तितकी बॅट क्षमाशील. दोरावर चालणारा डोंबारी हातात लांब बांबू धरतो, तो कशासाठी? वजन दोन्ही टोकांना दूर असले की वस्तू सहजासहजी फिरत नाही. हीच युक्ती अमेरिकेतील कार्स्टन सोलहाइम नावाच्या इंजिनियराने 1959 च्या सुमारास गोल्फच्या काठीत आणली आणि काठीच्या डोक्याचे वजन दोन टोकांना वाटून दिले. पुढे 1970 च्या दशकात ग्रे-निकल्स कंपनीची 'स्कूप' बॅट निघाली. तिच्या पाठीचे मधले लाकूड कोरून काढले होते आणि वजन कडांकडे ठेवले होते. म्हणून दुकानात बॅट उभी धरून कडेने पाहा. कडा अगदी पातळ आणि सगळे लाकूड मधल्या कण्यावर, अशी बॅट नवख्याला नको. मात्र कडेलाही सीमा आहे. 2017 पासूनच्या नियमांप्रमाणे कड 4 सेंटीमीटरहून जाड आणि पाते 10.8 सेंटीमीटरहून रुंद चालत नाही.

आता वजन. कुऱ्हाड डोक्याजवळ धरली तर हलकी वाटते, दांड्याच्या टोकाला धरून उगारली तर जड. कुऱ्हाड तीच, तिचे वजन तेच. पण ते हातापासून दूर गेले. बॅटचेही तसेच आहे. काट्यावर दोन बॅटी सारख्या भरल्या, तरी जिचे लाकूड तळाकडे साठले आहे ती फिरवायला जड जाते. म्हणून काट्यावर विसंबू नका, हाताने पाहा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने फक्त डाव्या हातात मूठ धरून बॅट समोर आडवी करावी आणि सावकाश दहा आकडे म्हणावेत. तेवढ्यात टोक खाली झुकू लागले, तर ती बॅट त्याला पेलणारी नाही. सचिन तेंडुलकर जड बॅट वापरीत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते मनगट वर्षानुवर्षांच्या सरावाने घडलेले होते. जड बॅट हाती आलेले पोर वेळेवर बॅट खाली आणू शकत नाही. मग ते विळ्याने गवत कापावे तशी आडवी बॅट फिरवते आणि ती खोड पुढे जन्मभर सुटत नाही.

मापाचेही तसेच. मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे शिवतो, पण बॅट वाढत्या अंगाची घेऊ नये. मुलाला पवित्र्यात उभे करा, बॅट पायाशी टेकवा. मुठीचे टोक मांडीच्या सांध्याशी आले की माप बरोबर.

पात्याचा जिवंत भाग ओळखायला बॅट दोन बोटांत सैल लोंबती धरा आणि जुन्या चेंडूने तळापासून वर ठोकत जा. जिथे बोटांना हादरा जवळजवळ लागत नाही, तो तिचा मध्य. हा पट्टा जितका लांब, तितकी बॅट नवख्याला बरी.

लाकडाबद्दल फार घोर नको. टेनिस चेंडूसाठी आणि शाळेतल्या खेळासाठी काश्मिरी विलो पुरेसा होतो. चिकटपट्टीवरच्या नावाला तर मुळीच भुलू नका. आपल्या जिल्ह्याच्या किरण नवगिरे 2023 च्या महिला प्रीमियर लीगमध्ये कंपनीचे नाव नसलेली बॅट घेऊन उतरल्या. तीवर त्यांनी हातानेच 'एमएसडी 07' असे लिहिले होते, आणि त्या बॅटीने त्यांनी अर्धशतक काढले.

कातडी चेंडूने खेळायचे असेल, तर पात्याला कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. मुठीला आणि जोडाला तेल लावू नका. पात्यावर कंपनीने प्लॅस्टिकचा पातळ पदर चढवला असेल, तर तेलाची गरज नाही. मग लाकडी मोगरीने कडा आणि पाते हलके हलके ठोकून मुरवा. काठच्या ओल्या मातीत बॅट टेकवून ठेवू नका. टोक पाणी पिते, फुगते आणि चिरते.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. वर्गणीचे पैसे एका झगमगीत बॅटीत घालण्यापेक्षा दोन साध्या बॅटी घ्या, एक मोठी आणि एक लहान. लहान बॅट असली की धाकटी पोरे आणि मुलीही खेळायला उभ्या राहतात. न पेलणारी बॅट घेऊन तीनदा शून्यावर बाद झालेले मूल चौथ्यांदा बॅट मागत नाही; ते मुकाट्याने बांधावर जाऊन बसते. त्याला वाटते, आपल्याला खेळ येत नाही. खरे पाहता त्याला फक्त त्याच्या हाताची बॅट मिळालेली नसते.