फेअरी क्वीन (वाफेचे इंजिन)

फेअरी क्वीन हे भारतीय रेल्वेचे वाफेवर चालणारे ऐतिहासिक इंजिन आहे. इंग्लंडमधील लीड्स येथील किटसन, थॉम्पसन अँड ह्यूइटसन या कंपनीने १८५५ मध्ये ते ईस्ट इंडियन रेल्वेसाठी बांधले. १,६७६ मिमी रुंदीच्या लोहमार्गावर चालणारे हे इंजिन हावडा ते राणीगंज दरम्यान हलक्या टपालगाड्या ओढत असे. १९०९ मध्ये ते सेवेतून निवृत्त झाले.

जतन व पर्यटन

पुढे नवी दिल्लीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलेले हे इंजिन दुरुस्त करून १९९७ मध्ये दिल्ली–अलवर पर्यटक गाडीला जोडण्यात आले. १९९८ मध्ये गिनीज बुकने नियमित सेवेतील जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून त्याची नोंद घेतली.

संग्रहालयात स्थिर ठेवलेल्या इंजिनापेक्षा चालते इंजिन पर्यटकांना अधिक आकर्षित करते. मात्र उष्णता व दाबामुळे त्याच्या बाष्पकाची झीज होते. झिजलेले भाग बाजारात मिळत नसल्याने ते कारखान्यात नव्याने घडवावे लागतात आणि प्रत्येक बदलाबरोबर इंजिनाचा मूळ भाग कमी होत जातो. त्यामुळे अशा वारसा गाड्यांच्या फेऱ्या मोजक्याच ठेवल्या जातात.