परसांतील लव्हाळा

परसांत चार वाफे करून घरापुरती भाजी पिकविण्याची हौस सुशिक्षित कुटुंबांत पुन्हां दिसूं लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मुलांनीं दर रविवारीं खुरपें घेऊन तण काढावें आणि आठ दिवसांनीं तें पूर्वीपेक्षां दाट माजलेलें पाहावें, असा अनुभव बहुतेक घरीं येतो व हौस विरते. यांत मुलांचा आळस कारण नसतो.

सर्व तणांत चिवट तो लव्हाळा. संस्कृतांत यालाच मुस्ता म्हणतात. ‘शाकुन्तला’च्या दुसऱ्या अंकांत मुस्ता उकरणाऱ्या रानडुकरांचा उल्लेख आहे, तें जनावर पात्याकडे न पाहतां कंदाचा शोध घेतें, आणि आपण नेमके पातें ओढून मोकळे होतों! जमिनीखालीं याचे कंद तारेसारख्या बारीक आडव्या खोडांनीं माळेप्रमाणें जोडलेले असतात. माळ अखंड असतां टोंकाचा कंद फुटतो व मागचे बव्हंशीं निजलेले राहतात. खुरप्यानें ती तुटली कीं ते जागे होऊन एकाच्या जागीं चार पातीं वर येतात.

म्हणून याचें खरें काम उन्हाळ्यांत. चैत्र-वैशाखांत वाफा रिकामा असतांना तो वीतभर खोल खणावा, ढेंकळें फोडून कंद वेंचावे व उरलेली माती उन्हांत तापूं द्यावी. वाळलेला कंद मरतो. वेंचलेले कंद खताच्या खड्ड्यांत मात्र टाकूं नयेत. खताबरोबर ते पुन्हां वाफ्यांत येतील. एका उन्हाळ्यांत हा निपटतोच असें नाहीं. पुढें पातें दिसेल तेथें पंधरवड्याच्या आंत कंदासकट काढावें, कारण फार दिवस राहिल्यास नवे कंद धरूं लागतात. सावली त्याला सोसत नाहीं, यास्तव अशा वाफ्यांत पावसाळ्यांत चवळी किंवा रताळीं लावावीं. कांद्याची पात उभी व अरुंद. तिची सावली ती काय पडणार? कांदा स्वच्छ झालेल्या वाफ्यांतच लावावा व पहिले सहा आठवडे खुरपणी चुकवूं नये.

बियांपासून येणारें तण यामानानें गरीब. वाफ्यास पाणी देऊन तो आठ-दहा दिवस तसाच ठेवावा. उगवलेलें कोवळें तण वरचेवर खरडून मग पेरणी करावी. पाचोळ्याचें आच्छादनही त्यास आवरतें. लव्हाळ्याचें टोंक मात्र काळ्या प्लास्टिकच्या कागदासही भोंक पाडतें.

तणनाशक औषधें एकाच पिकाच्या विस्तृत शेतीस ठीक. परसांत वाफ्याला वाफा लागून असतो, आणि एका भाजीस न बाधणारें औषध शेजारचीला जाळतें.

घोळ उपटून ओल्या मातीवर टाकूं नये, ती पुन्हां मूळ धरते. ती स्वयंपाकघरांत द्यावी, डाळ घातलेली तिची भाजी रुचकर होते. गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यांत आढळलें व पुढें देशभर पसरलें. तें फुलण्यापूर्वींच, हातमोजे घालून उपटावें. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगास खाज सुटते.