ठाकुर्लीचा सूर्योदय आणि पंचांगातील घटका

पंचांगातील दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सूर्योदयाला सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाला संपतो आणि या अहोरात्राच्या साठाव्या भागाला घटका म्हणतात. घटका २४ मिनिटांची, तिचा साठावा भाग असलेले पळ २४ सेकंदांचे आणि दोन घटकांचा मुहूर्त ४८ मिनिटांचा असतो. सूर्याच्या संदर्भात पृथ्वी एका घटकेत बरोबर ६ अंश फिरत असल्याने काळाचे हे माप रेखांशाच्या हिशेबाशी थेट जुळते, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे.

ठाकुर्ली सुमारे ७३.१ अंश पूर्व रेखांशावर वसली आहे, तर १९०६ मध्ये लागू झालेली भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंशांच्या रेखावृत्तावर आधारलेली आहे. हे अंतर १ घटका ३४ पळांचे असल्यामुळे स्थानकातील घड्याळात दुपारचे बारा वाजतात, तेव्हा ठाकुर्लीत सूर्य मध्यावर येण्यास सरासरी ३७-३८ मिनिटे अवकाश असतो. नागपूर ठाकुर्लीपेक्षा जवळजवळ ६ अंश पूर्वेला असल्याने तेथे सूर्य साधारण एक घटका आधी उगवतो. ऋतूनुसार त्यात थोडा फरक पडतो.

या एका घटकेने तिथीही बदलू शकते. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिला सुमारे १९ ते २६ तास लागतात, मात्र ती संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. जानेवारीत एखादी तिथी सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी संपली, तर सातच्या आधीच सूर्योदय झालेल्या नागपुरात त्या दिवसाची तिथी तीच राहते, पण सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवणाऱ्या ठाकुर्लीत पुढची तिथी धरली जाते. दोन्ही ठिकाणचे गणित बरोबरच असते.

सर्वच व्रते सूर्योदयाच्या तिथीवर ठरत नाहीत. गणेश चतुर्थीला मध्याह्न महत्त्वाचा असतो, आणि सूर्योदय ते सूर्यास्त या दिनमानाचे पाच समान भाग केले असता तिसऱ्याला मध्याह्न म्हणतात. सप्टेंबरच्या आरंभी ठाकुर्लीत तो सुमारे ११ वाजून २० मिनिटांपासून पावणेदोनपर्यंत असतो. येथील दिनमान डिसेंबरात साडेसत्तावीस घटकांच्या आसपास, तर जूनमध्ये सुमारे ३३ घटकांचे असल्याने हे भागही लहानमोठे होतात. संकष्टीला दिनदर्शिकेत गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा निरनिराळ्या दिलेल्या असतात, त्याही स्थानभेदामुळेच.

घड्याळे घरोघरी येण्यापूर्वी लग्नघरी घंगाळातील पाण्यावर तळाशी बारीक छिद्र असलेले घटिकापात्र सोडत, आणि ते भरून बुडाले की एक घटका झाली असे मानत. ही मोजणी त्याच गावच्या सूर्यापासून होत असल्याने तिला स्थानिक दुरुस्तीची गरज नसे. छापील पंचांगाला ती लागते. म्हणून त्यातील घटका-पळे वापरण्यापूर्वी ती कोणत्या गावच्या सूर्योदयापासून मोजलेली आहेत, हे वाचकांनी आवर्जून पाहावे.