टीबीची औषधं झाली, खोकला जात नाही

मुंबईतल्या घोडपदेवच्या जुन्या चाळींत पावसाळ्यात भिंती ओल धरतात, पोपडे सुटतात, कपाटामागे बुरशी येते. त्यात शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडली जात असेल, तर वर्षानुवर्षांची धूळ घरात शिरते. या ओलीत आणि धुळीत अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी असू शकते. तिचे बीजाणू जेमतेम 2 ते 3 मायक्रॉनचे, त्यामुळे फुप्फुसात खोलवर जातात. आपण सगळेच रोज असे शेकडो बीजाणू ओढून घेतो. श्वासनलिकांतले सूक्ष्म केस त्यांना कफासोबत वर ढकलतात, उरलेले पांढऱ्या पेशी संपवतात.

सिस्टिक फायब्रोसिस घेऊन जन्मलेल्या मुलाचं असं होत नाही. सातव्या गुणसूत्रावरच्या सीएफटीआर जनुकात (हे 1989 साली सापडलं) दोष असल्यानं पेशींतून क्षार नीट बाहेर येत नाहीत, पाणीही येत नाही आणि कफ डिंकासारखा घट्ट होतो. बीजाणू त्यात अडकतात आणि तिथेच रुजतात. मग नुकसान करते ती मुख्यतः शरीराचीच चिडलेली प्रतिकारशक्ती. रक्तातलं आयजीई हे अ‍ॅलर्जीचं प्रतिपिंड प्रचंड वाढतं, तपकिरी गुठळ्यांचा कफ पडतो, श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. या विकाराला एबीपीए म्हणतात. चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयाच्या डॉक्टरांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सिस्टिक फायब्रोसिसच्या सुमारे 9 टक्के रुग्णांत तो आढळला.

मुंबईत महिनोन्महिने खोकणारं, वजन न वाढणारं मूल आणि एक्स-रेवर डाग दिसले की पहिला संशय टीबीचा येतो. शहराचा इतिहास पाहता ते स्वाभाविकही आहे. पण थुंकीत जंतू सापडला नसताना टीबीच्या औषधांचा दुसरा कोर्स सुरू होतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं. ‘सिस्टिक फायब्रोसिस हा गोऱ्यांचा आजार’ ही समजूत अजून गेलेली नाही. शिवाय टीबीचं रिफॅम्पिसिन बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलची रक्तातली पातळी पार खाली आणतं, म्हणजे दोन्ही एकदम दिली तर दुसरं जवळजवळ वाया जातं.

सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलाचा मुका घेतला की खारट लागतो, हे आईच्या लक्षात येतं, पण दमट मुंबईत घामाचं कोणाला काय वाटणार? घामातल्या क्लोराइडची तपासणी मात्र बरंच सांगते. आकडा लिटरमागे 60 मिलिमोल किंवा जास्त असेल, तर सिस्टिक फायब्रोसिसची शक्यता मोठी. एबीपीएसाठी एकूण आयजीई आणि अ‍ॅस्परजिलसविरुद्धचं आयजीई रक्तातून पाहतात. उपचार स्टिरॉइड आणि इट्राकोनॅझोलसारखी अ‍ॅझोल औषधं.

इथे आणखी एक काळजी आहे. आपल्या द्राक्षबागांवर फवारतात त्यांतली काही बुरशीनाशकं याच अ‍ॅझोल कुळातली. अशा फवारण्यांना सरावून अ‍ॅझोल औषधांना न जुमानणारं अ‍ॅस्परजिलस भारतातल्या मातीत आणि हवेत असल्याचं दिल्लीच्या डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्येच दाखवलं होतं. म्हणून औषध लागू पडत नसेल तर नुसता डोस वाढवू नये, थुंकीतली बुरशी वाढवून तिच्यावर कोणतं औषध चालतं ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावं.