दुःखितांचे सांत्वन



धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सात आध्यात्मिक दयाकृत्ये पाठ केली आहेत. दुःखितांचे सांत्वन करणे हे त्यांपैकी एक होय. पाठ म्हणावयास ते सोपे. परंतु शेजारी मृत्यू येतो तेव्हा आपले पाऊल त्या उंबरठ्याशी अडखळते. काय बोलावे हे सुचत नाही, म्हणून आपण जाण्याचेच टाळतो.

पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात, आणि तो मिळविण्यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. हीच गोटमार. पांढुर्ण्याचा मुलगा व सावरगावची मुलगी पळून जात असता याच नदीत दगडांखाली मेली, अशी तिची आख्यायिका. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. 1955 पासून दहाहून अधिक जण प्राणास मुकले आहेत. अखेरीस झेंडा चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होतो, गर्दी पांगते. ज्या घरचा मुलगा परतला नाही, त्या घरची गोटमार मात्र संपत नाही. पुढल्या वर्षी ढोल वाजू लागले की त्या आईचा घाव पुन्हा उघडा पडतो.

अशा घरी ख्रिस्ती माणसाने कसे जावे? “गेलाच कशाला होता?” हा प्रश्न आपल्या ओठांवर येईल. जीव हे देवाचे दान आहे. ही प्रथा थांबावी असे वाटणे रास्तच. पण ते ग्रामसभेत निर्भयपणे बोलावे, सुतकाच्या घरी नव्हे. “देवाची इच्छा,” असेही म्हणू नये. दगड माणसाच्या हातून सुटला. त्याचे ओझे देवावर का टाकावे?

ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. कारणे सांगू लागले आणि त्याच्या दुःखात भर पडली. लाझरसला आपण उठविणार, हे ठाऊक असूनही प्रभू येशू रडला. ज्याच्या हाती मरणाची किल्ली होती त्याने आधी अश्रू दिले; मग आपण आधी उपदेश का द्यावा? संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच सांगतो, की देवाकडून मिळालेले सांत्वन इतरांना देण्यासाठीच असते.

तेव्हा जावे, जवळ बसावे. भाकरी पोहोचवावी, गुरांना वैरण घालावी, संत्र्याच्या बागेचे पाणी पाहावे. तेराव्यानंतर जेव्हा पाहुण्यांची ये-जा थांबते, तेव्हा तर अवश्य जावे. ते घर कोणत्या काठावरचे, कोणत्या धर्माचे, हे विचारू नये. आणि पुढल्या पोळ्याचा दुसरा दिवस ध्यानात ठेवून त्या आईजवळ तासभर बसावे.

त्याच सुमारास, 15 सप्टेंबरला, आपण दुःखी मातेचा सण पाळतो. क्रुसाखाली उभ्या असलेल्या मरियेचा एकही शब्द शुभवर्तमानात नोंदलेला नाही. ती तेथे उभी होती, एवढेच सांगितले आहे. या सणाला जपमाळ करून उठताना आपल्या गावातील एक शोकाकुल घर आठवावे, आणि त्याच दिवशी तिकडे पाऊल वळवावे.