स्टेनलेस स्टीललाही कीड लागते



मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. आतले नट-बोल्ट गंजल्याची चर्चा झाली आणि तेव्हापासून ‘स्टेनलेस वापरा, काळजी मिटली’ असे जो तो म्हणू लागला. गडचांदूर भागातले काही सभासदही ठिबकचे खत विरघळवायची टाकी स्टेनलेसची करावी का, असे आम्हास विचारतात. म्हणून यंदा शेतकी विभागाच्या पानावर हा विषय घेतला आहे.

स्टेनलेसमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम असते. हवा लागली की त्याची डोळ्यांना न दिसणारी पातळ साय धातूवर धरते. ओरखडा पडला तरी ती आपोआप पुन्हा धरते. मात्र मिठातला क्लोराइड ही साय एखाद्या ठिकाणी फोडतो. घरातल्या बायांना हे आपल्याआधी ठाऊक आहे. मीठ त्या स्टीलच्या डब्यात नव्हे, बरणीत ठेवतात. एकदा बारीक खड्डा पडला की आतले पाणी आम्लधर्मी होते, आणखी क्लोराइड आत ओढला जातो आणि खड्डा स्वतःच खोल जातो. उसाच्या कांडी किडीसारखेच हे. वरून टाचणीएवढे भोक, आत मात्र पोखरलेले.

आता आपल्या शेतावर या. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये सुमारे ४७ टक्के क्लोराइड असतो. त्यात गडचांदूर-कोरपन्याकडे जमीन चुनखडीची, बोअरचे पाणी जड. टाकीला पांढरी खपली धरते आणि तिच्या खाली ओल दबून राहून खड्डे पडतात. ती काढायला फरशीचे अ‍ॅसिड ओतणे म्हणजे आगीत तेल. ते हायड्रोक्लोरिक, म्हणजे पुन्हा क्लोराइडच. खपलीला लिंबूसत्व किंवा सल्फॅमिक अ‍ॅसिड वापरा आणि नंतर टाकी भरपूर पाण्याने धुवा.

खड्डे पडलेच तर एम-सील लावून गप्प बसू नये. आत काम चालूच राहते. जागा स्वच्छ करून, भेदक रंग लावून खड्डा कुठवर गेला ते आधी पाहावे. मग तळाचा चकचकीत धातू लागेपर्यंत घासून कडा उतरत्या कराव्यात. पत्रा पुरेसा जाड उरला तर एवढ्यावर भागते. नाहीतर भर वेल्डिंग करावी, ३०४ प्रतीच्या पत्र्याला ३०८एल सळई, ३१६ ला ३१६एल. पत्रा चाळणी झाला असेल तर तेवढा तुकडा कापून नवा बसवावा. साध्या लोखंडावर वापरलेली चकती किंवा तारेचा ब्रश येथे चालत नाही, कारण त्याचे कण रुतून तिथेच नवा गंज धरतो. वेल्डिंगचा निळा-काळा डाग पिकलिंग पेस्टने काढल्याशिवाय साय नीट धरत नाही. पुष्कळ वेल्डर हीच पायरी गाळतात. ती पेस्ट जहाल असते. हातमोजे व चष्म्याशिवाय हात लावू नये.

कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना हाच रोग होतो, पण नळीच्या आत वेल्डर शिरत नाही. गळकी नळी हंगामात दोन्ही तोंडांना बूच मारून बंद करतात आणि पावसाळ्यात बदलतात. खर्च दिसतो खरा. पण भोकातून रस वाफेच्या पाण्यात उतरला तर साखर जातेच, शिवाय ते गोड पाणी बॉयलरला मारक. गेलेली साखर उताऱ्यातून वजा होते आणि उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला आहे. वार्षिक सभेत ‘नळ्या बदली’ची रक्कम आली की सभासदांनी हे ध्यानी घ्यावे. जरूर विचारावे मात्र, की नळ्या कोणत्या प्रतीच्या घेतल्या आणि त्या कोणत्या अ‍ॅसिडने धुतल्या.

टाकीविषयी आमचे मत सरळ आहे. म्युरेट वापरणार असाल तर प्लॅस्टिकची टाकी घ्या, स्वस्तही पडते. स्टेनलेसच हवी असेल तर ३१६ घ्या. तीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती ३०४ पेक्षा अधिक तग धरते, पण महाग असते. घरी ३०४ ची आधीच असेल तर खत सोडून झाले की त्याच दिवशी धुवा आणि हंगाम संपल्यावर तळाचा कॉक उघडून कोरडी ठेवा.

— ऊस विकास अधिकारी