गप्पांतला जमाखर्च

शहाद्यातील इतिहासप्रेमींच्या गप्पा शिवकालावरून कुस्ती, नाट्यसंगीत, चित्रपट यांकडे वळल्या, की त्यांना कोणी इतिहास मानीत नाही. हे योग्य नव्हे. दादासाहेब फाळके यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायत गाठली, तेव्हा कोठे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ करणाऱ्या बालगंधर्वांच्या मंडळीनेही कर्जाचा बोजा वाहिलाच. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकवर्गणी व उसनवारीवर. कांस्यपदक आणले, पण अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर! कलेचे भांडवल कोणी पुरविले, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत क्वचितच येतो. गावोगावच्या तालमींच्या, नाटकमंडळ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी महाविद्यालयांनी मागून घ्याव्यात.